‘सकरुकर’ : मावळातल्या एका शब्दाविषयी

कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर उभे राहिले की नजर साहजिकच वरच्या कमानीकडे जाते. भिंतीवरचे ब्राह्मी लेख वाचायला फारसे कोणी थांबत नाही. त्यांतल्या एका दानलेखात ‘सकरुकर’ असा समास आहे. स्वतःच्या कसबावर जगणाऱ्या माणसावरील कर किती जुना, हा प्रश्न मावळात विचारायचा तर या समासापाशी थांबणे भाग आहे.

लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या राज्यवर्षातला, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. महारठी सोमदेवाने वलूरक लेण्यांतील भिक्षुसंघाला एक गाव दिले, तेही ‘सकरुकर’ आणि ‘सदेयमेय’. एमिल सेनार यांनी या शब्दाची फोड ‘कर’ आणि ‘उत्कर’ अशी धरून नेहमीचे व जादा कर असा अर्थ केला. दुसरे वाचन ‘कारु-कर’, म्हणजे कारागिरांवरील कर, असे आहे. त्यासाठी ‘क’चा ‘का’ मानावा लागतो. माझा कल या दुसऱ्या वाचनाकडे आहे. अर्थात तो कलच, पुरावा नव्हे. मराठीने मात्र हा ‘कारु’ टाकलेला नाही. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (1915) बलुतेदारांना कारू आणि अलुतेदारांना नारू म्हटलेले आपण वाचलेले असते.

हे वाचन मान्य केले तर दानाचे स्वरूपच बदलते. गावचा सुतार, कुंभार, लोहार कर देतच राहिला. फक्त तो घेणारा बदलला. आणि त्याच चैत्यगृहाचे मुखद्वार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने घडवल्याची नोंद शेजारीच आहे. घडवणारा म्हणून कारागिराला नाव मिळाले. कर देणारा म्हणून तो एका समासात विरघळून गेला.

पुढे मराठेशाहीत याच जातीचा कर ‘मोहतर्फा’ या नावाने भेटतो. तो मिळकतीवर नव्हे, धंद्यावर असे. माग, घाणा, दुकान मोजले की काम झाले. त्या मागावर वर्षभरात किती विणले गेले, हे सरकार विचारीत नसे. मुंबई इलाख्यात 1844 च्या एकोणिसाव्या कायद्याने मोहतर्फा आणि धंद्यांवरील इतर पट्ट्या रद्द झाल्या.

अवघ्या सोळा वर्षांनी, 1857 च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी, जेम्स विल्सन यांनी प्राप्तिकर आणला. दोनशे रुपयांपासून पाचशेच्या आतील वार्षिक मिळकतीवर दोन टक्के, त्यापुढे चार. खरा फरक दरात नव्हता. वकील, वैद्य, कंत्राटदार यांना आता स्वतःच्या हाताने आपली मिळकत लिहून द्यायची होती. पगारदाराची मिळकत दुसऱ्याच्या वहीत असते. स्वतंत्र व्यावसायिकाची त्याच्या स्वतःच्या. सरकार आणि त्याच्यातला अविश्वास इथून सुरू होतो. हा कर 1865 मध्ये संपला आणि 1886 मध्ये कायमचा परतला. या वेळी शेतीची मिळकत वगळून. म्हणजे 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर लोणावळ्यात जम बसवणारा डॉक्टर कराच्या कक्षेत आला, खाली इंद्रायणीकाठचा भातशेतकरी आला नाही. तो शेतसारा भरीतच होता.

जुनी रीत मात्र मेली नाही. महाराष्ट्राचा 1975 चा व्यवसायकर हा मोहतर्फ्याचाच वंशज: स्वतंत्र व्यावसायिकाची मिळकत कितीही असो, ठरलेली रक्कम, संविधानाने 1988 पासून त्याची वार्षिक मर्यादा अडीच हजार रुपये ठेवली आहे. आणि 2016 च्या वित्त कायद्याने व्यावसायिकांच्या प्राप्तिकरातही अनुमानाला जागा दिली. 1961 च्या कायद्यात घातलेल्या 44एडीए या कलमाने ठरावीक मर्यादेतील व्यावसायिकाला हिशेबाच्या वह्यांतून सुटका दिली: एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवावी, खर्चाच्या पावत्या कोणी मागणार नाही. ज्याचा खर्च खरोखर निम्म्याहून अधिक असे, त्याने मात्र पुन्हा वह्यांकडे वळायचे.

2026 पर्यंत चाललेल्या त्या कायद्यात या सवलतीच्या यादीत वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुविशारद, गृहसजावटकार होते. सुतार नव्हता. त्याचे काम कायद्याच्या भाषेत ‘धंदा’ ठरे आणि त्याच्या नफ्याचे अनुमान शेजारच्या 44एडी या कलमाने, वेगळ्या दराने होई. तेव्हा 1961 च्या कायद्याखाली कार्ल्याच्या मुखद्वाराचा आराखडा काढणारा एका कलमात गेला असता, आणि ते घडवणारा सामी दुसऱ्या.