मेळघाट

मेळघाट : महाराष्ट्राच्या अमरावती जिल्ह्यातील, सातपुडा पर्वताच्या गाविलगड रांगेत वसलेला डोंगराळ व वनाच्छादित प्रदेश. चिखलदरा व धारणी या दोन तालुक्यांचा मिळून तो बनला असून त्याचे क्षेत्रफळ सु. ४,००० चौ. किमी. आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सु. ३ लाख असून तीत तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे, मुख्यतः कोरकू आहेत. प्रदेशाच्या उत्तरेस मध्य प्रदेश राज्य, तर दक्षिणेस वऱ्हाडचे काळ्या मातीचे मैदान आहे. वैराट (१,१७८ मी.) हे येथील सर्वोच्च ठिकाण होय. सिपना, गडगा, खापरा, खंडू व डोलार या नद्या तापीस मिळतात. वने शुष्क पानझडी असून त्यांत सागाचे प्राधान्य आहे.

इतिहास : मेळघाटचा लिखित इतिहास बहुतांशी गाविलगड किल्ल्याचा इतिहास आहे. बहमनी सुलतान अहमदशहा याने १४२५ मध्ये हा किल्ला बांधविला आणि वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्हुल्ला इमादुल्मुल्क याने १४८८ मध्ये त्याची दुरुस्ती केली. शार्दूल दरवाजावरील व्याघ्र व द्विमुखी पक्षी यांची शिल्पे, बहराम बुरूज, मोठी मशीद आणि देव तलाव व खान तलाव हे जलसाठे हे त्याचे ठळक अवशेष होत. इमादशाहीनंतर अहमदनगरची निजामशाही, मोगल, निजाम व नागपूरकर भोसले यांच्याकडे तो क्रमाक्रमाने गेला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आडगावच्या लढाईनंतर आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांनी त्यास वेढा दिला. वेलस्लीने दक्षिणेकडून मारा चालविला असता स्टीव्हन्सनने अवघड डोंगरवाटेने तोफा उत्तरेस नेल्या व तटास खिंडार पाडले. तरी आतील दुसरा तट अभेद्य राहिल्याने कॅप्टन कँबेलच्या तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला व त्यानुसार किल्ला भोसल्यांकडे परत आला. चिखलदऱ्याचे पठार कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये पाहिले व पुढे तेथे गिरिस्थान वसले. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यानंतर मेळघाटची जंगले राखीव करण्यात आली, फिरती शेती थांबविण्यात आली आणि लाकूडतोडीस मजूर मिळावेत म्हणून वनखात्याने वनग्रामे, म्हणजे महसुली दप्तराबाहेर ठेवलेल्या मजुरांच्या वस्त्या, बसविल्या.

लोक : कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील सर्वांत पश्चिमेकडील भाषा होय, मुलांचे शालेय शिक्षण मात्र पहिल्या इयत्तेपासून मराठीतून होते. कोरकूंशिवाय निहाल, गोंड, गवळी व बलई हे समाज येथे राहतात. कोरकू खेड्यात समोरासमोर दोन ओळींत घरे असून मधून रुंद रस्ता जातो. मृताच्या स्मरणार्थ केल्या जाणाऱ्या ‘सिडोली’ विधीत सागाचा कोरीव स्तंभ उभारतात, त्यास ‘मुंडा’ म्हणतात. त्यावर घोडेस्वार, सूर्य व चंद्र कोरलेले असतात. हे स्तंभ गावाच्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या उभे राहत असल्याने गाव हलविले की पूर्वजांची जागा मागे राहते आणि पुनर्वसनाच्या कोणत्याही मोबदल्यात तिची गणना होत नाही.

व्याघ्र प्रकल्प व पुनर्वसन : १९७३ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प निवडण्यात आले, त्यांत मेळघाटचा समावेश होता. १९८५ मध्ये अभयारण्य व १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान (३६१ चौ. किमी.) घोषित झाले. प्रकल्पाचे मूळ क्षेत्र सु. १,५७० चौ. किमी. होते, २००७ मध्ये १,५०० चौ. किमी. गाभा क्षेत्र, म्हणजे वन्यजीवांसाठी मनुष्यवस्तीविरहित ठेवावयाचे क्षेत्र, ठरविण्यात आले. कोहा, कुंड व बोरी ही गावे प्रथम हलविण्यात आली. त्यानंतर वैराट, पस्तलाई, चुर्णी, अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी इ. गावे उठली. प्रत्येक कुटुंबास २००८ पासून १० लाख रुपयांचा मोबदला होता, तो २०२१ मध्ये १५ लाख करण्यात आला. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे अशा स्थलांतरापूर्वी रहिवाशांच्या वनहक्कांची मान्यता पूर्ण होणे व ग्रामसभेची मुक्त, माहितीपूर्ण संमती मिळणे बंधनकारक आहे.

या प्रक्रियेतील मूलभूत उणीव कायद्याच्या रचनेतच आहे. चिखलदरा व धारणी हे तालुके १९८५ च्या आदेशान्वये संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत मोडणारे अनुसूचित क्षेत्र असून तेथे ग्रामसभेस विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. परंतु अनेक गावांचे पुनर्वसन अकोला जिल्ह्यातील अकोट व तेल्हारा तालुक्यांत झाले आणि ते क्षेत्र अनुसूचित नाही. घाट उतरताच माणूस आदिवासी राहतो, पण त्याच्या ग्रामसभेचे ते अधिकार वरच राहतात. आश्वासने पाळली गेली नाहीत, अशी तक्रार घेऊन पुनर्वसित कुटुंबे मूळ गावठाणांवर परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी परिसरात त्यांचा वनकर्मचारी व पोलीस यांच्याशी संघर्ष झाला. अशा संघर्षास केवळ अतिक्रमण म्हणणे अन्यायाचे आहे.

हंगामी स्थलांतर व आरोग्य : खरिपाचे पीक निघाले की कुटुंबेच्या कुटुंबे अचलपूर, अंजनगाव व अकोटकडील शेतांत, वीटभट्ट्यांवर व शहरांतील बांधकामांवर कामास जातात आणि होळीस परततात, त्या वेळी रस्त्यावर ‘फगवा’ (होळीचा शगुन) मागण्याची प्रथा आहे. मुले आईबापांबरोबर गेली की शाळा सुटते, अंगणवाडीचा आहार तुटतो व लसीकरण राहून जाते. १९९३ च्या सुमारास येथील बालमृत्यूंचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि १९९५ मध्ये राज्यात नवसंजीवनी योजना सुरू झाली. बैरागड येथील रवींद्र व स्मिता कोल्हे या डॉक्टर दांपत्यास २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल खेडे म्हणून घोषित झाले.

आर्थिक व दळणवळण : सोयाबीन, ज्वारी, मका, कुटकी ही पिके व मोह, तेंदूपाने ही वनोपजे होत. परतवाडा-धारणी हा प्रमुख रस्ता असून अकोला-खंडवा मीटरमापी लोहमार्ग २०१७ मध्ये बंद झाला.

सामूहिक वनहक्क : मेळघाटच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातील पायविहीर गावास २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला; उजाड टेकड्यांवर ग्रामसभेने चर खोदून, झाडे लावून व चराई आवरून जंगल उभे केले आणि सीताफळ व तेंदूपानांच्या विक्रीची व्यवस्था स्वतः हाती घेतली. २०१४ मध्ये त्यास संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार लाभला. गावाजवळच काम मिळू लागल्याने तेथील स्थलांतर घटले. वनरक्षण व आदिवासींचे हक्क एकमेकांच्या आड येत नाहीत, याचा हा मेळघाट परिसरातील भक्कम पुरावा असून गाभा क्षेत्राविषयीचा कोणताही पुढील निर्णय त्याची दखल घेऊनच व्हावयास हवा.