शब्दवेध : फुटेज

बदलापूर-अंबरनाथकडे लग्नाचं शूटिंग करणारी पोरं ‘चारशे जीबी फुटेज आहे’ म्हणतात, तेव्हा त्यात मोजमापाचा फूट दडलेला असतो. ३५ मिमी फिल्म फुटांत मोजत : एका फुटात १६ चौकटी, मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचा रोल जेमतेम अकरा मिनिटं! संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ठेवायचा ‘बिन’ही फिल्मच्या काळातल्या संकलनाच्या खोलीतलाच. कापलेल्या पट्ट्या वर टांगायच्या, खाली अस्तर लावलेली टोपली, तोच बिन.

फूट गेले आणि पसारा वाढला. उल्हासनगरातल्या वरातीचे तीन कॅमेरे, वर ड्रोन. सगळ्यांच्या फायली एकाच फोल्डरात कोंबणं हा मला त्या लग्नाचाच अनादर वाटतो. कार्ड पुसण्याआधी दोन प्रती हव्यातच. मग प्रत्येक कार्डाच्या फोल्डरला ‘हळद_कॅमेरा२_कार्ड१’ अशी नावं द्यावीत.