गोव्याचा ठराव आणि नकाराधिकार
१४. लेखकाने येथे सोव्हिएत नकाराधिकाराचा नुसता उल्लेख केला आहे. पण मते मोजल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील भारतीय लष्करी कारवाईविरुद्ध पोर्तुगालने केलेल्या तक्रारीवर सुरक्षा परिषद बसली. तेव्हा सदस्य अकराच होते. युद्धबंदी आणि भारतीय फौजांची माघार मागणाऱ्या ठरावाला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्ससह सात मते पडली. विरोधात चार : सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. सात मते त्या काळी पुरेशी होती. नकाराधिकार नसता तर ठराव मंजूरच झाला असता. तक्रार फेटाळून लावणारा दुसरा ठरावही नेमका उलट, चार विरुद्ध सात मतांनी पडला. म्हणजे परिषदेने भारताला दोषी ठरवले नाही, तशी संमतीही दिली नाही. हा फरक आपल्याकडच्या लेखनात सहसा निसटतो. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांचा मुद्दा असा, की गोवा भारताचाच भाग आहे. मग आक्रमण कसले? हा युक्तिवाद मला न्याय्य वाटतो, मात्र बळाच्या वापराला मनाई करणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २(४)च्या शब्दांत तो सहज बसत नाही, हेही मान्य करायला हवे. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते तिथली हुकूमशाही कोसळल्यावर, १९७४च्या अखेरीस झालेल्या करारात.