सरडा, रिजवरचा (गिरगिट)

अगामिडी कुलातील वृक्षवासी सरडा. शास्त्रीय नाव कॅलोटिस व्हर्सिकलर, हिंदीत गिरगिट. अमेरिकेच्या अरण्यांत ॲनोलिस प्रजातीचे सरडे ज्या फांद्या अडवून बसतात, तशाच फांद्यांवर दिल्लीत याचा अंमल चालतो. आणि योगायोग असा की ॲनोलिस ही प्रजाती व व्हर्सिकलर ही जाती या दोहोंचे नामकरण फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ याने एकाच, १८०२ या साली केले. नाते मात्र दूरचे : ॲनोलच्या बोटांच्या चिकट गाद्या याला नाहीत, नुसत्या नख्यांवर भागते, त्याचा रंगीत गळपंखा घडी उलगडावी तसा उघडतो, याची गळपिशवी केवळ फुगते.

अरवलीचे ईशान्येकडील शेपूट म्हणजे दिल्लीतील रिज; १९९४ च्या अधिसूचनेने तिच्या चार तुकड्यांतील मिळून ७,७७७ हेक्टर जमीन राखीव वनाच्या दप्तरी दाखल झाली. मूळच्या धौ वृक्षांवर विलायती कीकराने केलेले अतिक्रमण वनस्पतिशास्त्रज्ञांना सलते, परंतु सरड्याची त्याविषयी काही तक्रार दिसत नाही.

धड वीतभरही नसते, शेपूट त्याच्या दुपटीहून अधिक. कर्णपटलाच्या वर एकमेकांपासून सुटे असे दोन काटेरी पुंजके असतात आणि पाठीवरील खवल्यांची टोके मागे व वर वळलेली असतात. सरडा हातात न धरता, हाताच्या अंतरावरूनच, एवढ्यावर ओळख पटते. विणीच्या हंगामात नराचे डोके व खांदे लालभडक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंस काळे डाग उठतात, आणि खोडाच्या शेंड्याशी पुढचे पाय ताठ करून, अंग खालीवर करीत, तो आपल्या हद्दीचा जाहीरनामा वाचतो. प्रतिस्पर्ध्याकडून हार झाली, की तीच लाली बघता बघता मावळते. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे म्हणणाऱ्याने त्याला उणे लेखले खरे, पण निरीक्षण चोख केले होते. मादी ओलसर भुसभुशीत माती उकरून दहा-वीस अंडी घालते आणि खड्डा बुजवून निघून जाते.

इतक्या घरगुती प्राण्याचे नाव तरी पक्के असावे, ही अपेक्षा २०२१ साली पार ढासळली. पुण्याचे गौरांग गोवंडे व त्यांचे सहकारी यांनी जनुकीय पुराव्यांवरून दाखवले, की दक्षिण आशियाभर एकाच नावाने ओळखला जाणारा हा सरडा म्हणजे वस्तुतः अनेक जातींचा समुच्चय आहे. मूळ नमुना उपलब्ध नसल्याने नवा आधारनमुना त्याआधीच पुदुच्चेरीकडचा ठरला होता, आणि व्हर्सिकलर हे नाव त्या मुलखाशी बांधले गेले होते. सबब उत्तरेकडील नोंदींत ते डोळे झाकून लिहू नये. वरील शास्त्रीय नावही रूढीस अनुसरूनच दिले आहे.

थंडीत हा सरडा फटीत वा मुळांशी दडी मारतो. ऊन तापू लागले, की कीकराच्या खोडावर डोके खाली व शेपूट वर अशा बेताने पहिला नर दिसतो, आणि शिक्रा पक्ष्याचीही नजर त्याच खोडाकडे वळते.