पुसायचे कोणी?

नवी मुंबईत खारघर स्थानकासमोर सी-डॅकची इमारत आहे. या संस्थेच्या मुंबई केंद्राचे मूळ शोधू लागलो, तर आधी राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (१९८५) आणि त्याच्याही मागे कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. तेथे आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफरॅक' असे नामकरण केले.

टिफरॅकची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० बिट, अर्थात १०,२४० बाइट. आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह साठवण्यास ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने आपण वाचत आहात तो हा लेख टिफरॅकमध्ये मावेल. 

अशा यंत्रावर कोणती संख्या कोणत्या घरात ठेवायची आणि तिचे काम संपल्यावर तेथे दुसरे काय लिहायचे, हे आज्ञावली लिहिणाराच ठरवीत असे. फळ्यावरचे गणित पुसण्यापूर्वी मुलांनी ते उतरवून घेतले की नाही, हे शिक्षक पाहतात, तसेच हे. लवकर पुसले तर उत्तर चुकते. पुसलेच नाही तर पुढचे लिहायला जागा राहत नाही.

हे काम यंत्रावरच सोपवता येईल का? त्याच सुमारास अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी 'लिस्प' या भाषेसाठी एक युक्ती काढली. शाळेच्या कोठीची कल्पना करा. मुख्य नोंदवहीपासून सुरुवात करून तिच्यात उल्लेख असलेल्या प्रत्येक वस्तूवर खूण करायची, त्या वस्तूंवरून पुढे ज्यांचा पत्ता लागतो त्यांच्यावरही करायची, आणि खूण नसलेले सारे काढून टाकायचे. या क्रियेला त्यांचे सहकारी 'कचरा गोळा करणे' म्हणत. १९६० च्या शोधनिबंधात मात्र मॅकार्थींनी हा शब्द छापला नाही. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी रीत सुचवली: प्रत्येक वस्तूकडे कितीजण बोट दाखवतात ते मोजत राहायचे, आणि मोजणी शून्यावर आली की जागा मोकळी.

आजच्या मोबाइलमध्ये या दोन्ही रीती नांदत आहेत. अँड्रॉइड मॅकार्थींच्या वाटेने जाते, आयफोन कॉलिन्स यांच्या. तरीही अ‍ॅप मध्येच बंद पडतात. असे का?

समजा, विद्यार्थ्यांनी लोकलच्या वेळा दाखवणारे अँड्रॉइड अ‍ॅप तयार केले. पहिल्या पडद्यावर स्थानकांची यादी आहे. 'वाशी' दाबले की तिच्यावर दुसरा पडदा येतो आणि तो फोनच्या स्थाननिश्चिती सेवेकडे आपले नाव नोंदवतो: जागा बदलली की मला कळवा. मागे फिरलो की हा पडदा दिसेनासा होतो. पण नोंदणी रद्द केली नसेल, तर सेवेच्या यादीत त्याचे नाव राहते. यादीवरून पडद्याचा पत्ता लागतो, पडद्यावरून त्याच्या नकाशाचा. साहजिकच सर्वांवर खूण होते आणि काहीच पुसले जात नाही. मग नेरूळ, बेलापूर, पनवेल पाहिले की प्रत्येकी एक मृत पडदा साठतो. कमी स्मृतीच्या स्वस्त फोनवर, आणि बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती तोच असतो, याचा फटका आधी बसतो.

आमच्या मते दोष कचरा गोळा करणाऱ्याचा नाही. कोणती वस्तू सापडत नाही हे यंत्राला कळते. कोणती नको आहे, हे कळत नाही. म्हणून पडदा बंद होताना नोंदणी रद्द करण्याची आज्ञा आपणच लिहायची असते.

आयफोनवर अडचण वेगळी. तेथे २०११ पासून मोजणीच्या आज्ञा भाषांतरक स्वतःच घालतो. पण दोन पडदे एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर दोघांची मोजणी एकच्या खाली उतरत नाही. अशा वेळी त्यांपैकी एक बोट 'दुबळे', म्हणजे मोजणीत न धरले जाणारे, ठेवतात. बहुधा नंतर उघडलेल्या पडद्याचे.