गुणधर्मांचे दफ्तर

दोह्यात किंवा आपल्या पुण्यातही पायथन ही संगणकभाषा शिकणारा विद्यार्थी एखाद्या ऑब्जेक्टला मनास येईल तेव्हा नवा गुणधर्म जोडतो. परंतु या मोकळिकीचा खर्च कोणाच्या खाती पडतो, याची चौकशी तो क्वचितच करतो.

सिम्युला 67 या जुन्या भाषेत, आणि पुढे स्मॉलटॉकमध्येही, ऑब्जेक्टचे गुणधर्म कोणते हे त्याच्या वर्गाने (क्लासने) आधीच ठरविलेले असे. त्यामुळे प्रत्येकाची जागा क्रमांकानेच सापडे व नावे ऑब्जेक्टजवळ बाळगण्याचे प्रयोजन नसे. ग्विडो व्हान रॉसम यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या पायथनने हा बंदोबस्त सैल करून प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःची डिक्शनरी, म्हणजे नावे व मूल्ये यांचा तक्ता, दिली. जणू हजार खातेदारांसाठी हजार वह्या उघडाव्यात आणि प्रत्येक वहीत रकान्यांचे तेच मथळे कारकुनाने नव्याने लिहीत बसावे, असा तो कारभार होता. 2001 साली आवृत्ती 2.2 मध्ये आलेली ‘स्लॉट्स’ची तजवीज मेमरी वाचवी खरी, पण गुणधर्मांची यादी आधी देण्याचा जाच तीत प्रोग्रॅमरच्याच माथी होता, आणि मूळ मोकळीक तेवढी आटत असे.

खरे उत्तर याआधीच सापडलेले होते, आणि तेही, गंमत अशी की, ज्या भाषेत वर्ग ही संस्थाच नव्हती त्या सेल्फमध्ये. क्रेग चेंबर्स, डेव्हिड उंगर व एल्गिन ली यांनी 1989 साली असे मांडले की, एकाच घडणीच्या ऑब्जेक्टांचा आराखडा पडद्याआड एकदाच लिहावा आणि प्रत्येकाजवळ केवळ मूल्ये ठेवावीत. सेल्फवर काम केलेले लार्स बाक यांनी तीच युक्ती 2008 साली क्रोम ब्राउझरच्या व्ही8 इंजिनात जावास्क्रिप्टसाठी योजली. इतकी उघड काटकसर पायथनच्या दारी पोहोचण्यास मात्र 2012 साल उजाडावे लागले, ही दिरंगाई मला आजही नवलाची वाटते.

त्या वर्षी मार्क शॅनन यांच्या प्रस्तावानुसार, आवृत्ती 3.3 मध्ये, एकाच वर्गाच्या ऑब्जेक्टांच्या डिक्शनऱ्या नावांचा तक्ता सामायिक ठेवू लागल्या. एखाद्या ऑब्जेक्टाचे गुणधर्म इतरांहून फारच वेगळे झाले की ही सोय मोडे व त्या ऑब्जेक्टास पुन्हा स्वतंत्र तक्ता मिळे. पण बहुतेकांना त्याची झळ लागत नसे, कारण प्रत्यक्षात एका वर्गाचे ऑब्जेक्ट एकमेकांसारखेच वागतात. आवृत्ती 3.11 पासून तर, कोणी स्पष्टपणे मागितल्याखेरीज, ऑब्जेक्टची डिक्शनरी सहसा उघडलीच जात नाही.