बिनतारी उपकरणांचे प्रमाणीकरण : एक वस्तू, तीन कसोट्या

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुरा परिसरात, स्टेशन रोडवर, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन या दोन्ही संस्था आहेत. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतीही शहरालगतच आहेत. अशा शहरात बिनतारी उपकरण बनविण्याची कल्पना सुचणे नवलाचे नाही. शेतातील ओलावा मोजून तो मोबाइलवर कळविणारे एखादे यंत्र प्रयोगशाळेत काही महिन्यांत उभे राहू शकते. ते बाजारात विकायचे ठरले, की मात्र वेगळाच प्रवास सुरू होतो. ‘सर्टिफिकेट घ्यावे लागते’ एवढेच अनेकांना ठाऊक असते. प्रत्यक्षात हे प्रमाणपत्र एक नसून किमान तीन वेगवेगळ्या यंत्रणांचे तीन वेगवेगळे प्रश्न असतात. एकाचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही, आणि नवउद्योजकाचा पैसा व वेळ बहुधा इथेच अडकतो.

पहिला प्रश्न : लहरी कोणत्या पट्ट्यातून जातात?

रेडिओ लहरींचा वर्णपट ही मर्यादित राष्ट्रीय संपत्ती मानली जाते. तिचे नियोजन दूरसंचार विभागाची ‘वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन’ ही शाखा, म्हणजे डब्ल्यूपीसी, १९५२ पासून करीत आहे. याच व्यवस्थेतील देखरेख संघटनेचे उपग्रहांच्या लहरींवर लक्ष ठेवणारे भूकेंद्र या शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर, जालना येथे आहे.

सर्वच उपकरणांना परवाना लागतो असे नाही. वाय-फाय आणि ब्लूटूथ ज्यावर चालतात तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाला. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधील मोठा भाग खुला करण्यात आला. परंतु परवाना नको याचा अर्थ मान्यता नको असा होत नाही. उपकरण त्या पट्ट्याबाहेर जात नाही व ठरलेल्या शक्तीपेक्षा अधिक प्रक्षेपण करीत नाही, हे दाखवून ‘इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल’ म्हणजे ईटीए घ्यावे लागते. परवानामुक्त पट्ट्यांतील अनेक उपकरणांसाठी २०१९ पासून स्वयंघोषणेची ऑनलाइन सोय आहे. मात्र घोषणेच्या पाठीशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल असावा लागतो. आयात मालाच्या बाबतीत सीमाशुल्क अधिकारी हेच कागद मागतात.

परदेशी प्रमाणपत्र येथे का पुरत नाही, याचे उत्तरही या पट्ट्यांतच आहे. ओलावा मोजणाऱ्या यंत्रासारखी दूरवर संदेश पाठविणारी कमी शक्तीची उपकरणे अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतात. भारतात ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइल फोनकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या लहरींसाठी आहे. अमेरिकी बनावटीचे स्वस्त मॉड्यूल मागवून ते येथे तसेच वापरले, तर यंत्र उत्तम चालेल, पण परिसरातील लोकांचे फोन अडखळू शकतील. कारण कोणते, हे त्यांना वा यंत्राच्या मालकालाही कळणार नाही. भारतात अशा कामासाठी ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा आहे. म्हणूनच ‘अमेरिकेत मान्य’ किंवा ‘युरोपात मान्य’ हे शिक्के भारतीय मान्यतेची जागा घेऊ शकत नाहीत.

दुसरा प्रश्न : वस्तू वापरणाऱ्याला सुरक्षित आहे का?

हा प्रश्न भारतीय मानक ब्युरोचा, अर्थात बीआयएसचा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी २०१२ च्या आदेशाने आली आणि पुढे तिच्या यादीत मोबाइल फोन, पॉवर अडॅप्टर, बॅटरी यांची भर पडत गेली. येथे तपासणी होते ती विजेचा धक्का, अतिउष्णता, आग अशा धोक्यांची. नोंदणी झालेल्या वस्तूवर बीआयएसच्या चिन्हासोबत ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. ओलावा मोजणारे यंत्र स्वतः यादीत नसले, तरी त्याची बॅटरी वा अडॅप्टर यादीत असू शकतो, ही बाब अनेकदा उशिरा लक्षात येते.

याच व्यवस्थेतील एक मानक मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचे आहे. भारतीय मानक १६३३३ च्या तिसऱ्या भागानुसार मोबाइल फोनवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत मजकूर लिहिता आला पाहिजे. आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांतील मजकूर वाचता येणेही बंधनकारक आहे. मराठी संदेशाच्या जागी रिकामे चौकोन दिसण्याचे दिवस मागे पडले, त्यात या अटीचाही वाटा आहे.

तिसरा प्रश्न : देशाच्या जाळ्याला जोडण्यास योग्य आहे का?

दूरसंचार जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांची सक्तीची चाचणी व प्रमाणीकरण ‘टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटर’ म्हणजे टीईसी करते. त्यासाठीचे नियम २०१७ मध्ये आले. १ ऑक्टोबर २०१९ पासून मोडेम, फॅक्स यंत्र, पीएबीएक्स अशा उपकरणांपासून अंमलबजावणी सुरू झाली. पुढील टप्प्यांतील उपकरणांना १ जुलै २०२३ पासून ही सक्ती लागू झाली. इतर उपकरणांशी होणारा विद्युतचुंबकीय व्यत्यय, विद्युत सुरक्षा, तांत्रिक निकष अशा अनेक अंगांनी चाचणी होते. राउटरसारख्या उपकरणांसाठी सायबर सुरक्षेचे स्वतंत्र निकषही आले आहेत.

येथेच बीआयएस आणि टीईसी यांची क्षेत्रे एकमेकांवर आली. एकाच मोबाइल फोनची दोन ठिकाणी चाचणी कशासाठी, असा उद्योगाचा आक्षेप होता. अखेर मोबाइल फोन, स्मार्ट घड्याळे, सर्व्हर आदी काही वस्तूंना टीईसीच्या सक्तीतून वगळण्यात आले. कोणती वस्तू कोणत्या यादीत आहे, हे त्या त्या वेळची अधिसूचना पाहूनच ठरवावे लागते, हा त्यातील धडा.

खर्च कुठे वाचतो?

लहान उत्पादकासाठी सर्वांत महत्त्वाचा निर्णय आराखड्याच्या वेळीच होतो. रेडिओचा भाग स्वतः घडविण्याऐवजी ईटीए असलेले तयार मॉड्यूल निवडले, तर पहिल्या कसोटीचा मोठा भार हलका होतो. मात्र मॉड्यूलचा अँटेना बदलला किंवा शक्ती वाढविली, तर जुना चाचणी अहवाल त्या उपकरणाचे वर्णन करीत नाही आणि प्रश्न पुन्हा उघडतो. साचे तयार झाल्यावर, छपाई झाल्यावर चाचणीस जाणे सर्वांत महागात पडते. महाराष्ट्रात नवी मुंबईतील खारघर येथे ‘समीर’ या संस्थेची विद्युतचुंबकीय व्यत्यय तपासणारी प्रयोगशाळा आहे. पुण्यात केंद्र सरकारचे इलेक्ट्रॉनिक्स चाचणी व विकास केंद्र आहे. पहिल्या नमुन्याची तेथे पूर्वचाचणी करून घेता येईल का, याची चौकशी आधीच केलेली बरी.

ग्राहकाचा संबंध काय?

प्रमाणीकरण हा केवळ उत्पादकाचा विषय नाही, हे मे २०२५ मध्ये दिसून आले. ऑनलाइन बाजारपेठांवर वॉकीटॉकी संच वारंवारिता, परवाना वा ईटीए यांची माहिती न देता विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यासाठी १३ नोटिसा बजावल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक सूचनाही काढल्या. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरील कमी शक्तीचे संच परवान्याविना वापरता येतात. त्याबाहेरचे संच दिसायला तसेच असले, तरी पोलीस वा आपत्कालीन सेवांच्या संपर्कात अडथळा आणू शकतात आणि विकत घेणाराही कायद्याच्या कक्षेत येतो. सिग्नल वाढविण्यासाठी इमारतींवर परस्पर बसविले जाणारे बूस्टरही याच प्रकारात मोडतात. १८८५ आणि १९३३ च्या जुन्या कायद्यांची जागा घेणाऱ्या दूरसंचार अधिनियम २०२३ मध्येही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृततेचे तत्त्व कायम आहे.

सर्वसामान्य खरेदीदाराला काही गोष्टी घरबसल्या तपासता येतात. फोनवर *#०६# दाबल्यास १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. ‘केवायएम’ ही अक्षरे इंग्रजीत लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठविल्यास त्याची खातरजमा होते. अनेक फोनमध्ये *#०७# दाबल्यास शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींचे प्रमाण कळते. भारतात ही मर्यादा प्रतिकिलो १.६ वॅट आहे. अडॅप्टर वा बॅटरीवरील ‘आर’ क्रमांक बीआयएसच्या ‘केअर’ या अॅपवर पडताळता येतो. वॉकीटॉकी वा बूस्टर घेताना वारंवारिता आणि ईटीए यांची लेखी माहिती मागावी, आणि विक्रेता ती देऊ शकत नसेल, तर ती वस्तू न घेणेच उचित.